तळाला लागलेलं

थोरल्या नातीचा पहिला दात पडला, त्या वर्षीची ही गोष्ट. पोरीला काही चावेना, म्हणून आजोबांनी तिच्यासाठी दुधात मऊ भात शिजत ठेवला. ठेवला आणि विसरले.

हे आजोबा म्हणजे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पस्तीस वर्षं तीनशे पोरांना जेवू घातलेला माणूस. गल्लीत सगळे त्यांना आचारीच म्हणायचे. तीन घरं पलीकडे कुणाचा कांदा लागायला लागला, की ते खिडकीतून ओरडायचे, "अगं, आच कमी कर!"

त्या शनिवारी त्यांची म्हातारी वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून उतरली, तर जिन्यातच वास आला. तिनं धावत जाऊन गॅस बंद केला. घरभर धूर, आणि आचारी खिडकीपाशी खुर्चीत निवांत.

"कुणाचं तरी करपतंय गं," ते म्हणाले.

"आपलंच करपलंय, अहो."

"आपलं कसं करपेल? मी आहे ना घरात."

महिन्याभरातली ही तिसरी खेप. दुसऱ्या खेपेला लेकीनं बजावलं होतं, "आई, आता एक जरी भांडं जळलं, तर शेगडी उचलून नेणार मी. दोघांना डबा लावते. एक दिवस घर पेटवून बसाल." लेकीचं खोटं नव्हतं. पण म्हातारीला घोर वेगळाच होता. या माणसाच्या हातातला डाव काढून घेतला, तर मागे उरणार काय? नुसती खुर्ची.

लेक आणि नात पाचला येणार होत्या. घड्याळात पावणेचार झाले होते.

तिनं खिडक्या उघडल्या, पंखा सोडला. पातेल्याच्या तळाशी बोटभर काळा थर. मागच्या दोन्ही वेळी धुण्याच्या सोड्यानं लाज राखली होती. पाणी, मूठभर सोडा, एक उकळी, की झालं. तिनं घाईघाईनं तेच केलं. पण मागची भांडी होती स्टीलची. हे पातेलं ॲल्युमिनियमचं, निवृत्त होताना आचाऱ्यांनी वसतिगृहातून हट्टानं मागून आणलेलं. पाणी ओतून बघते तर करपलेलं अर्धंच सुटलेलं, आणि जे चकचकीत होतं तेही काठापर्यंत काळं ठिक्कर. आगीतून फुफाट्यात!

लपवावं म्हटलं, तर फळीवरची त्याची रिकामी जागा लेकीला आधी दिसणार. म्हातारी तारेची घासणी घेऊन भिडली. "नीघ मेल्या, नीघ," ती पातेल्याला म्हणत होती. चार वीस.

"ती तार ठेव खाली!"

आचारी दारात उभे होते. कंबर ताठ, आवाज वसतिगृहातला.

"सोडा कुणी घातला यात?"

"मी."

"ॲल्युमिनियमला सोडा? नवीन आहेस का गं तू?"

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. मग मनगटानं डोळे पुसले.

"हो," ती म्हणाली. "आजच लागले कामाला."

"मग शीक. रडतेस काय? भांडं जळलं म्हणून कुणी फाशी देत नाही." त्यांनी बाह्या सारल्या. "सोड्यानं काळं पडलं की आंबट लावायचं. लिंबं आण. पिळलेल्या सालीसुद्धा चालतील."

त्यांनी पातेल्यात काठोकाठ पाणी भरलं, लिंबं चिरून टाकली आणि मंद आचेवर ठेवलं. या वेळी शेगडीपासून हलले नाहीत. पाणी उकळत गेलं तसा काळेपणा उतरत गेला. मग लाकडी उलथन्यानं, एकाच दिशेनं, जोर न लावता त्यांनी तळ सोडवला. "ओरबाडायचं नाही. ओरबाडलं की तिथंच पुन्हा लागतं."

पाचला दहा कमी असताना पातेल्यात दोघांची तोंडं दिसत होती.

लेक आली ती वास घेतच. "लिंबाचा वास कसला? आई, काही जळलं नाही ना?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारी 'नाही' म्हणणार, तोच आचारी पुढे झाले.

"तिला बोलू नका, मॅडम. नवीन बाई आहे, चुकली. पण हात चांगला आहे. कामावरून काढू नका."

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं ओले हात पदराला पुसले, पुसतच राहिली.

"आजोबा, ती आजी आहे," नात पडलेल्या दाताच्या फटीतून म्हणाली.

त्या दिवशी शेगडीबद्दल कुणी बोललं नाही. पुढच्या आठवड्यात शेगडी गेली, डबा सुरू झाला. पण लेक दर शनिवारी आपल्या घरून एक करपलेलं भांडं आणि थर्मासभर उकळतं पाणी घेऊन यायची आणि वडिलांपुढे ठेवायची. इतकी भांडी तिच्याकडे कशी करपायची, हे म्हातारीनं कधी विचारलं नाही. ती शेजारी बसायची आणि नव्या बाईसारखं सगळं पहिल्यापासून शिकायची.

नातीचा शेवटचा दुधाचा दात पडला, त्या वर्षी एका मंगळवारी सकाळी सहा वाजता आचारी वारले.