दत्तूशेटचं व्हय म्हाराजा

देवबागच्या खाडीतून चोरटी वाळू काढणाऱ्या टोळीचा म्होरक्या दत्तप्रसाद, म्हणजे आमचा दत्तूशेट. बाबली त्याचा सगळ्यात जुना माणूस. हाच बाबली पोलिसांना सापडला आणि सुटकेच्या बदल्यात त्यांचा खबरी झाला. कुठली होडी, कुठला डंपर, सगळं साहेबांना सांगू लागला. दत्तूशेटला कळलं असतं तर त्याने बाबलीला त्याच वाळूत गाडलं असतं. म्हणून बाबलीने ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली. शहाणाच!

पण त्याची बायको तुळसा काही तोंडाची सैल नव्हती. तिने एकाही शेजारणीला सांगितलं नाही. नवऱ्याच्या काळजीने जीव टांगणीला लागला तेव्हा तिने थेट देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे गाऱ्हाणं महादूतात्या घालतात. त्यांनी खड्या आवाजात मागायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"तात्यानू, नुसता 'बाबलीक सांभाळ' म्हणा," ती म्हणाली.

"गो, गावात बाबली चार. देवान भलत्याकच सांभाळल्यान तर? नीट वळख सांग."

बिचारीने त्यांच्या कानात नीट ओळख सांगितली.

पालखीच्या दिवशी देऊळ भरलं. दत्तूशेट टोळीसकट पुढेच, डोळे मिटून, हात जोडून. वाळू चोरेल, पण देवाचं काही चुकवणार नाही. तात्यांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्यो बाबली, जो दत्तूशेटच्या टोळीत रेती काढता..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आता पोलिसांका सगळा सांगता, तेका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण तेच्यार हात उचलीत, तेचो हात थंयच झडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज दत्तूशेटचा होता. तोंडाची सवय हो, दुसरं काय! आपण कशाला व्हय म्हटलं हे डोक्यात शिरल्यावर त्याने डोळे उघडले. खांबामागे बाबली पांढराफटक पडला होता. मला त्याची दया आली, आणि देवळात हसू नये म्हणून मी गाल चावून धरला.

दत्तूशेट तरातरा बाबलीपाशी गेला. त्याने हात उगारला. मग त्या हाताकडे बघितलं, देवाकडे बघितलं, आणि हात खिशात घातला.

"तात्यानू, ता गाऱ्हाणा मागे घेवा!"

"आता मागे कसा घेवचा? तूच सगळ्यांत मोठ्यान व्हय म्हटलंस. देवान आयकल्यान."

दत्तूशेट पायरीवर बसला. डोळ्यांपुढे त्याला तुरुंग दिसत असावा. मग त्याने बाबलीला हाक मारली. बाबली चार हात लांबच उभा राहिला.

"बाबल्या, तुझ्या सायबाक इचार, आणखी एक खबरी होयो काय?"

"इचारतंय. पण शेट, तुमी कोणाची खबर देतल्यात?"

"माझीच रे! माझ्याइतकी माझी खबर दुसऱ्या कोणाक आसा?"