शंभर मणी

टेबलावर सात ग्लास होते: दोन पाण्याचे, भरलेले, आणि पाच वाइनचे, अजून रिकामे. पावाच्या टोपलीत नऊ तुकडे. लोण्याची एक वाटी. काटे तीन, सुऱ्या तीन, चमचे चार. चौथा चमचा कशासाठी ते ऋतुजाला कळलं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर एकेचाळीस रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, त्यातल्या बहुतेक हिरव्या. आणि पाण्याच्या ग्लासांशेजारी तिने घरून आणलेला स्टीलचा डबा. त्यात द्राक्षांचे शंभर मणी होते. ते इथे मोजायची गरज नव्हती. सकाळी खुडतानाच तिने मोजून घेतले होते.

समोर तिचे आजोबा, गेनबा, ताठ बसले होते. घरातले सगळे त्यांना आबा म्हणत. उभा जन्म मांजरी गावात ऊस आणि द्राक्षांत गेलेला, आणि आज पहिल्यांदाच कर्वेनगरातल्या ह्या फ्रेंच बिस्त्रोत जेवायला आलेले. दोन सोसायट्यांच्या मधे अडकून राहिलेल्या एका बंगल्याचा तळमजला होता तो. दाराशी काळा फळा, त्यावर खडूने आजचे पदार्थ, आणि सगळ्यात खाली: ‘घाई असल्यास कोपऱ्यावर वडापाव चांगला मिळतो.’ आबांनी आत येताना ती ओळ मोठ्याने वाचली होती आणि म्हणाले होते, “खरं बोलत्यात. अशा मानसाशी येव्हार करावा.”

व्यवहार करायलाच तर ते आले होते. मांजरीतली त्यांची बाकीची जमीन गेल्या काही वर्षांत एकेक करून इमारतींखाली गेली होती. उरली होती बारा गुंठ्यांची बाग, चारशे वेली. चार वर्षांपूर्वी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत असताना ऋतुजाने तिथली खायची द्राक्षं काढून वाइनची लावली होती. तिचे काका साईनाथ हे सगळं बघत होते आणि गप्प होते. गेल्या महिन्यात मात्र ते जेवता जेवता सरळ म्हणाले, “कुणी तीन वर्षं माल घेतो म्हटलं तर बाग राहू दे. नाही तर मार्चच्या पहिल्या सोमवारी आपण बिल्डरकडे सही करायची.” आबांनी मान डोलावली होती, आणि आबांची मान म्हणजे शब्द. आज त्या सोमवारच्या आदला रविवार होता.

माल घेणारी बाई म्हणजे ह्या बिस्त्रोची मालकीण, पूर्णिमा. दरवर्षी ती स्वतः द्राक्षं निवडायची आणि नाशिककडच्या एका वायनरीत त्यांची एकच पिंपभर लाल वाइन करून घ्यायची. तिची अट एकच होती. रसात साखर बावीस ब्रिक्स हवी, म्हणजे शंभर ग्रॅम रसात बावीस ग्रॅम. गुरुवारी ऋतुजाने कॉलेजातून मागून आणलेल्या यंत्रावर बागेचा रस पाहिला होता. बावीस पूर्णांक आठ. पूर्णिमाचा यंदाचा शेवटचा टेम्पो मंगळवारी निघणार होता.

“नमस्कार, आजोबा.” पूर्णिमा दोन्ही हातांत सूपचे वाडगे घेऊन आली. पंचेचाळिशीची, केस आखूड, एप्रनवर लाल डाग. “आधी जेवा. पोटात अन्न असलं की माणूस वाइनबद्दल कमी खोटं बोलतो.”

आबांनी वाडग्यावरचा चीजचा थर चमच्याने उचलून बघितला. “कांद्याची आमटी हाय की ही.”

“कांदा तीन तास परतावा लागतो.”

“मग आमच्या सूनबाईला सांगू नका. ती अर्ध्या तासात उरकती, आन् आमी चांगली म्हनतो.”

पूर्णिमा हसली, एक खुर्ची ओढून त्यांच्यातच बसली आणि तिने पहिल्या ग्लासात दोन बोटं वाइन ओतली. आबांनी उजव्या हाताचं बोट त्यात बुडवलं आणि तीन थेंब खाली फरशीवर उडवले. धरणीचा वाटा. घरी ताक असलं तरी ते हेच करायचे.

“आबा, फरशी—”

“असू दे गं,” पूर्णिमा म्हणाली. “एरवी फरशीला कोण विचारतंय.”

आबांनी घोट तोंडात धरला. डोळे मिटले. इतका वेळ धरला की ऋतुजाने मनात आकडे मोजायला सुरुवात केली आणि अकरावर सोडून दिली.

“तुरट हाय,” ते अखेर म्हणाले. “मागनं जांभूळ. आन् त्याच्या बी मागनं बैलाच्या गळ्यातला पट्टा. ऊन खाल्लेला.”

पूर्णिमाने बाटली हळूच खाली ठेवली. “ह्या वासाचं नाव शिकायला मी दोन वर्षं परदेशात घालवली. लेदर म्हणतात त्याला.”

“आमी पट्टा म्हनतो.”

ऋतुजाने दोन घोट घेतले, आणि तेवढ्यानेच दुपार सैल झाली. साडेतीन वाजले होते. जेवणाची गर्दी ओसरली होती, संध्याकाळची यायला वेळ होता. बाकीच्या टेबलांवर कुणी नव्हतं. ऊन बाटल्यांमधून हिरवं होऊन आत येत होतं, आणि खोली एखाद्या तळ्याच्या तळाशी असावी तशी वाटत होती. तिच्या ग्लासातून गेलेलं ऊन टेबलक्लॉथवर लाल ठिपका होऊन पडलं होतं. ठिपका सरकत होता. पावाच्या टोपलीपासून तो चार बोटं लांब होता. नंतर बघितलं तर तीन. तिला वाटलं, आपण इथे अशाच बसून राहिलो तर तो टोपलीवर चढेल, पलीकडे उतरेल, आबांच्या हातावरून जाईल आणि सोमवार काही यायचा नाही.

पूर्णिमा आत भट्टीकडे बघायला गेली. आबांनी पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला.

“बाई चांगली हाय,” ते म्हणाले. “माल घेनार. म्या बी तयारी करून ठेवलीय.”

“कसली तयारी?”

“शुक्रवारी तू हापिसात गेल्यावर बागेला पानी दिलं. चार तास. चांगलं भरपूर.”

ऋतुजाचा चमचा वाडग्यातच राहिला. “आबा, मी पाण्याचा कॉक बंद केला होता. तीन आठवडे पाणी तोडलं होतं. सांगितलं होतं तुम्हाला, गोडी यावी म्हणून.”

“व्हय की. आन् आली की गोडी. गुरुवारी तूच नाचत सांगत आलीस.” आबा समजुतीने म्हणाले, लहान पोराला सांगावं तसं. “एकदा आलेली साखर कुठं जाती? पर मणी कसं झालतं, बघितलंस का? सुरकुतलेलं, म्हाताऱ्यावानी. असा माल घेऊन गिऱ्हाइकाम्होरं जायचं? चाळीस वरसं खायाची द्राक्षं केली मी. येपारी यायच्या दोन दिस आधी बागेला पानी द्यायचं, मणी टच्च फुगतो, झळकतो. लाज राखायची असती मालाची.”

सकाळी खुडताना काही मणी बोटांना जड लागले होते खरे. वेलींखाली उसाच्या पाचटाचा जाड थर होता. त्याच्याखालची ओल वरून कशी दिसणार?

तिने डोळे मिटले, आणि ते पाणी तिला दिसलं. शुक्रवारची दुपार. नळीच्या छिद्रांतून थेंब पडतायत, पाचटाखालची काळी माती अंधारात फुगतेय. तीन आठवडे तहानलेली मुळं. पाणी मुळांत शिरतं, खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांतून वर चढतं, घाई न करता, चारशे खोडांतून एकाच वेळी. कुणी ऐकत नाही, पण सबंध बाग घोट घेतेय. फांदी, मग देठ, मग मणी. मण्याची सैल साल हळूहळू ताठ होते. आतली साखर तितकीच, एक कणही कुठे गेलेला नाही. आबांचं बरोबर होतं. फक्त तिच्याभोवती आता जास्त पाणी होतं, आणि बाग त्या पाण्यात स्वस्थ झोपली होती. वेलींना सोमवार माहीत नव्हता.

तिने डोळे उघडले तेव्हा पूर्णिमा समोर उभी होती. हातात काचेचा वाडगा, मलमलचं फडकं आणि वीतभर लांबीची एक काळी नळी, दुर्बिणीसारखी.

“चला. साखर बघू. आजोबा, आधीच सांगते, बावीसच्या खाली मी घेत नाही. मागच्या वर्षी एकाला दया दाखवली. वाइन पाण्यासारखी झाली, आणि बाटलीवर ‘दया’ असं छापता येत नाही.”

“बघा की. दांडगा माल हाय,” आबा म्हणाले आणि त्यांनी डब्याचं झाकण काढलं. मग त्यांनी ते केलं जे मांजरीतल्या कुठल्याही शेतकऱ्याने केलं असतं. माल बघायला आलेल्याच्या हातावर आधी उत्तमातलं उत्तम ठेवायचं. ते डब्यातून मणी निवडू लागले: सगळ्यांत मोठे, ताठ, चकाकणारे. एकेक करून त्यांनी ते पूर्णिमाच्या ताटलीत मांडले.

“घ्या, ताई. हे तुमचं.”

“वा! हे मी नंतर चीजबरोबर खाईन.” पूर्णिमाने ताटली बाजूला सरकवली आणि फडकं ऋतुजाकडे दिलं. “उरलेले चुरड. मी हात धुऊन येते.”

ताटलीत चौदा मणी होते. ऋतुजाने ते न ठरवता मोजले होते. डब्यात शहाऐंशी उरले होते: बारके, काळेभोर, बरेचसे अजून सुरकुतलेले. बागेच्या टोकाच्या चार ओळींना पाणी नेहमीच कमी पोचायचं. सुरकुतलेले मुख्यतः तिथले असणार. सगळ्यांत जास्त पाणी प्यालेले मणी आबांनी स्वतःच्या हाताने बाहेर काढले होते. न कळता, निव्वळ अगत्याने.

तिने काहीच करायचं नव्हतं. नुसतं फडकं उघडायचं, डबा त्यात ओतायचा आणि पिळायचं. खोटं बोलावं लागणार नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. बेसिनचा नळ वाहत होता. त्या आवाजात बारा गुंठे, चारशे वेली, आबांचं सकाळचं उठून बागेत जाणं, सगळं एका काठावर तोललेलं होतं. लाल ठिपका टोपलीला टेकला होता.

दर चौथ्या वेलीचा एक मणी. एक घडाच्या खांद्याचा, एक मधला, एक शेंड्याचा. एक उन्हाकडचा, एक सावलीतला. सकाळी दोन तास ती ह्या एवढ्याच गोष्टीसाठी ओळीओळीने चालली होती. हे शंभर मणी म्हणजे बाग. शहाऐंशी म्हणजे बाग नव्हे.

पूर्णिमा हात पुसत परत आली. ऋतुजाने ताटली उचलली आणि चौदाही मणी फडक्यात ओतले. त्यांच्यावर डबा रिकामा केला.

“अगं!” आबा अर्धे उठले. त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. “ताटात वाढलेलं परत घेत्यात व्हय? काय शिकवलं तुला आम्ही?”

“नमुना शंभरचा आहे, आबा.”

“मग आनखी आनू घरनं! पर त्यांच्या ताटातलं?”

“आजोबा, बसा,” पूर्णिमा म्हणाली. ती ऋतुजाकडे बघत होती. “पाणी कधी दिलं?”

“शुक्रवारी.”

“मोठ्या मण्यांमुळे काय होणार, ते कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“आणि तरी?”

“पूर्णिमाताई, तुमच्या टेम्पोत बागेतला सगळाच माल चढणार ना? मोठे मणी मी काय बाजूला काढून देणार आहे?”

आबा खाली बसले. त्यांनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या ताटलीकडे, आणि मग स्वतःच्या हातांकडे. “पान्यानं?” त्यांनी हळूच विचारलं. ऋतुजाने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

तिने फडक्याची पुरचुंडी बांधून चुरडली. मणी आत फुटत गेले आणि वाडग्यात रस जमू लागला, आधी गुलाबी, मग जांभळट, फेसाळ. खोलीभर बागेतल्या सकाळचा वास पसरला. चमच्याने रस ढवळून तिने तीन थेंब नळीच्या तिरप्या काचेवर सोडले आणि वरचं झाकण मिटलं. बुडबुडा राहिला नाही ना, ते बघितलं. मग नळी पूर्णिमापुढे धरली.

पूर्णिमाने ती घेतली, पण डोळ्याला लावली नाही. “आजोबा, बघायचा मान तुमचा. उजेडाकडे तोंड करून धरा.”

आबा उठून खिडकीशी गेले. हिरव्या बाटल्यांच्या वर जिथे ऊन उघडं येत होतं, तिकडे त्यांनी नळी रोखली आणि एक डोळा मिटला. ते इतके स्थिर उभे राहिले की ऋतुजाला वाटलं, ते तिकडच्या एखाद्या लांबच्या गावाकडे बघतायत.

“वरलीकडं निळं हाय,” ते म्हणाले. “आभाळावानी. खाली पांढरं.”

“दोन्हींच्या मधे रेघ आहे,” ऋतुजा म्हणाली. “ती कोणत्या आकड्याशी आहे?”

“इंग्रजी आकडे हायती. थांब.” त्यांचे ओठ हलले. “दोन. एक. इकवीस. इकवीसच्या वर गेलीय.”

“किती वर? मधे बारीक रेघा असतील. एक रेघ म्हणजे शून्य पूर्णांक दोन.”

आबांनी नळी दोन्ही हातांनी धरली आणि श्वास रोखला.

“एक,” ते म्हणाले. “दोन. तीन.”

पूर्णिमाने एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली आणि वहीत तारखेसमोर लिहिलं: २१.६.