श्वासनाथांची निळी बाही

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये वार्षिक सभेला कधी कोरम भरत नाही. मी सेक्रेटरी आहे, मला विचारा. पण त्या रविवारी सकाळी दारात चपलांचा असा खच पडला होता की माझ्याच हॉलमध्ये शिरायला मला "जरा सरका हो" म्हणावं लागलं. श्वासनाथ महाराज आले होते! सिगारेटीने काळी पडलेली फुफ्फुसं महाराज बसल्या बैठकीत धुऊन देतात, तीही सिगारेट न सोडता, ही बातमी सारसोळे गावापासून सीवूड्सपर्यंत पसरली होती. सिगारेट न सोडता म्हटल्यावर गर्दी होणारच. उद्या कोणी पोळी-भात न सोडता पोट उतरवून देतो म्हणाला, तर शेजारचं मैदानही पुरायचं नाही.

महाराज स्टेजवर बसले होते. अंगात पांढराशुभ्र सदरा, आणि त्याला अशी सणसणीत कांजी की हात हलवला तरी कागदासारखा करकर वाजायचा. समोर काचेच्या पेल्यांत पाणी आणि चांदीसारख्या चकचकीत नळ्या.

"व्हिटॅमिन, व्हिटॅमिन करता," महाराज गरजले, "शब्द कुणाचा? आपल्या ऋषींचा! मूळ शब्द विटामृत. गोऱ्यांनी आपलं विटामृत चोरलं, बाटलीत भरलं, वर ए, बी, सी अशी नावं ठेवली आणि आपल्यालाच विकलं. आमच्या एका गोळीत ए पासून झेडपर्यंत सगळं आहे!"

"झेडसुद्धा?" मी मागून विचारलं.

"झेड तर फक्त आमच्याकडेच आहे," महाराज म्हणाले. यावर टाळ्या पडल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

पहिल्या रांगेत आमचा बंडू साळवी होता. माझा शेजारी. दिलदार माणूस, पण सिगारेट म्हणजे त्याचं सहावं बोट. गेले दोन-अडीच महिने तो खोकत होता. रात्री खोकायला लागला की भिंतीपलीकडे मला जाग यायची. संध्याकाळी अंगात कणकण, पँट कमरेत ढगळ झालेली. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला होता. तेवढ्यात बेलापूरला कुणाच्या तरी घरी त्याला श्वासनाथ भेटले.

"भावजी, तुम्ही तरी सांगा ना यांना," बंडूची बायको वैशाली मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली. "एक्स-रेची चिठ्ठी फाडून टाकली यांनी. म्हणतात, गोळी चालू आहे, आता दोन जास्त ओढल्या तरी चालतं. मला फार भीती वाटते हो." तिचे डोळे भरून आले. मी जाऊन बंडूला सांगितलं. तो म्हणाला, "सेक्रेटरी, तू पाण्याच्या बिलाचं बघ. माझ्या छातीचं टेन्शन महाराजांना."

इतक्यात महाराजांनी त्यालाच वर बोलावलं. हातात नळी दिली आणि पेल्यात फुंकर मारायला सांगितली. बंडूने फुंकर मारली. बुडबुडे आले आणि बघता बघता स्वच्छ पाणी तपकिरी झालं.

"आरं, पानी बग कसा कोऱ्या चायसारखा झाला!" सारसोळ्याचा पंढरी ओरडला. "महाराज खरा हाय!"

"हे डांबर!" महाराज म्हणाले. "तुमच्या फुफ्फुसातलं वर्षानुवर्षांचं डांबर!" मग त्यांनी एक गोळी तळहातावर चुरली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि त्यातली चिमूटभर पूड पेल्यात टाकली. पाणी ढवळलं आणि रंग गेला. पार गेला. बायकांनी हात जोडले. बंडूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू निवडणुकीत मी पडलो होतो.

"आता खोलवरचं काढू," म्हणत महाराजांनी दुसरा पेला पुढे केला. बंडूने दुसऱ्यांदा फुंकर मारली, पाणी पुन्हा तपकिरी झालं, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. साधीसुधी नाही. माणूस वाकून वाकून खोकत होता. त्याचा हात लागून पेला उलटला आणि ते पाणी महाराजांच्या बाहीवर सांडलं.

बाही निळी झाली. काळपट, शाईसारखी निळी.

क्षणभर महाराजही गडबडले. पण गडी मुरलेला! "पाहा!" त्यांनी बाही उंच धरली. "डांबराच्या तळाचं विष निघालं! साक्षात हलाहल!" लोक पाया पडायला उठले. खोकणाऱ्या बंडूला पाणी द्यायला मात्र एकटी वैशालीच धावली.

"महाराज, धोबी कांजी तांदळाची घालतो की साबुदाण्याची?"

हा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या खदीजा मुकादम बाईंचा. बाई शाळेत विज्ञान शिकवतात. त्या शांतपणे स्टेजवर चढल्या होत्या.

"बाई, इथे विष निघतंय आणि तुम्ही कांजी विचारता?"

"निळं व्हायला कांजीच लागते, म्हणून विचारते. मी दर वर्षी मुलांना बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून दाखवते. बटाट्यात आणि कांजीत असतं त्या पिष्टावर आयोडीन पडलं की हाच रंग येतो. साळवींच्या छातीत टिंक्चर आयोडीन कुणी ओतलं?"

महाराज उत्तर शोधेपर्यंत बाईंनी बंडूची नळी रुमालाने पुसली आणि नव्या पेल्यात स्वतः फुंकर मारली. पाणी तपकिरी! "मी जन्मात विडी ओढलेली नाही," त्या म्हणाल्या, आणि केसातली पिन काढून नळीच्या टोकातून कापसाचा बोळा ओढून बाहेर काढला. टिंक्चरचा वास पहिल्या तीन रांगांपर्यंत गेला. गुडघा फुटलेल्या प्रत्येक माणसाला तो ओळखीचा होता.

"मग गोळीने पाणी साफ कसं झालं?" वैशालीने विचारलं.

"गोळीत व्हिटॅमिन सी असणार. त्याने आयोडीनचा रंग जातो. लिंबू पिळलंत तरी जाईल." बाईंनी उरलेली पूड पाण्यात कालवून महाराजांच्या बाहीवर चोळली. निळा डाग फिका पडत गेला आणि नाहीसा झाला. "गोळी चांगली आहे, महाराज. सदऱ्यासाठी."

हॉल असा हसला की पंखेसुद्धा हलले असतील. पण बंडू हट्टी. "बाई, डाग तर जातो ना? मग माझ्या छातीतलाही जाईल."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक कोरा पांढरा रुमाल काढला. "साळवी, पेटवा एक. झुरका तोंडातच धरा आणि या रुमालातून सोडा." बंडूने सोडला. रुमालावर पिवळट तपकिरी ठिपका उमटला. बाईंनी त्यावर गोळीची पूड चोळली, पाणी टाकलं, पुन्हा चोळली. ठिपका हलेना. "आता तेवढाच झुरका नेहमीसारखा छातीत ओढा आणि इथे, शेजारी सोडा."

दुसरा ठिपका अगदीच पुसट आला. बंडू खूश झाला. "बघा, कमी झाला!"

"झुरके दोन्ही सारखेच होते," बाई म्हणाल्या. "मग बाकीचा डाग कुठे राहिला?"

बंडू दोन्ही ठिपक्यांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने सिगारेट विझवली, अर्धीच.

"उद्या एक्स-रेला जाऊ या," वैशाली म्हणाली.

"उद्या कशाला?" बंडूचा आवाज पार उतरला होता. "आज रविवारचं कुठे उघडं असेल का, सेक्रेटरी?"

महाराजांनी तेवढ्यात काढता पाय घेतला होता. दारात पंढरीने त्यांना अडवून विचारलं म्हणे, "महाराज, तो झेड तरी दाखवून जावा!"

बंडूला टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, औषधं नेमाने घेतली तर पूर्ण बरा होईल. आणखी काही महिने गोळ्यांच्या नादात घालवले असते तर एक फुफ्फुस हातचं गेलं असतं. त्याने भीत भीत विचारलं, "डॉक्टर, जोडीला व्हिटॅमिन?" डॉक्टर म्हणाले, "पेरू खा, आवळा खा, गाजर खा. पण गोळीच्या भरवशावर सिगारेट ओढू नका. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना गाजरातल्या द्रव्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं देऊन पाहिल्या. कॅन्सर कमी व्हायचा सोडून थोडा वाढलाच." बंडूने सिगारेट सोडली. सहज नाही सुटली. दोनदा पुन्हा धरली, वैशालीशी भांडला, माझ्याशीही भांडला. पण सोडली.

मला महाराजांचा राग आला, पण तेवढा नाही. फसवणं हा त्यांचा धंदाच होता. मला खरा राग आला तो आम्हा सगळ्यांचा. माणूस समोर जीव जाईस्तोवर खोकत होता आणि भरल्या हॉलचे डोळे एका पेल्यावर खिळले होते. कोणी चमत्कार दाखवायला लागला, तर तो बोट दाखवेल तिकडेच बघू नका. नळीत काय आहे ते विचारा, दुसऱ्याला फुंकर मारायला सांगा. आणि शेजारी कोणी खोकत असेल, तर आधी त्याच्याकडे बघा.