उभ्या गाडीची बॅटरी

मी बॅटरी बोलतेय. मोबाईलमधली नव्हे, तिचे लाड तुम्ही रोज करता. मी गाडीतली. काळी, चौकोनी, जड. गाडी सुरू होत असते तोवर माझी कुणाला आठवण नसते, आणि एखाद्या दिवशी सुरू झाली नाही की माझ्याच नावानं शिमगा होतो.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या जाळ्या, त्यांच्यामध्ये पातळ पडदे, वरून ओतलेलं आम्ल आणि हा सगळा संसार एका प्लास्टिकच्या डब्यात बंद. डोक्यावर दोन खुंट, एक प्लस आणि एक मायनस. माझं काम क्षणाचं असतं. चावी फिरली की सगळा जीव एकवटून इंजिनाला जागं करायचं. ते जागं झालं की धावता धावता तेच मला परत भरतं. गाडी धावत असली की मला काही कमी पडत नाही. उभी राहिली की माझे हाल कुत्रा खात नाही.

कर्जतला धनेशचं बॅटरीचं दुकान आहे. तिथून मला आबाजींनी आणलं. आबाजी कोंडाण्याचे. त्यांची पांढरी व्हॅन कर्जत स्टेशन ते कोंडाणे धावायची. सकाळी गावची माणसं खाली न्यायची, सुट्टीच्या दिवशी लेणी बघायला आलेली पोरं वर आणायची. ही पोरं गाडीत बसल्या बसल्या विचारत, "काका, चार्जर आहे का?" आणि डोंगर बाहेर राहायचा, ती मोबाईलमध्ये. त्यांचे मोबाईलही माझ्याच जिवावर भरायचे. मी कुरकुर केली नाही. तेव्हा गाडी पळत होती.

डॅशबोर्डवर अंगठ्याएवढा गणपती होता आणि त्याच्या मागे लाल दिवा. हा दिवा चावीवर चालत नव्हता. आबाजींनी तो मुद्दाम थेट माझ्यावर जोडून घेतला होता. चावी काढली की देवापुढचा दिवा विझावा, हे त्यांना पटत नव्हतं. वायरिंग करणारा म्हणाला होता, "आबा, बॅटरी उतरंल." आबाजींनी हात झटकला. "रोज पळनाऱ्या गाडीला काय व्हतंय?" आणि खरंच, तेव्हा काही होत नव्हतं.

होळीच्या सुमारास आबाजींच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना पनवेलला नेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि गाडी चालवायला मनाई केली. व्हॅन घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली.

आबाजी दवाखान्यात होते तेव्हा त्यांची बायको भागूबाई रोज शेडमध्ये यायच्या. काचेतून तो लाल दिवा बघायच्या आणि हात जोडायच्या. "माजा मानूस घरी येईस्तवर इजू नको रं बाबा." माणूस घरी आला. तेव्हापासून त्या दिव्याला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक झाला. मला तो दिवा थोडा थोडा पीत होता, पण हे भागूबाईंना कोण सांगणार?

आणि आबाजी? त्यांना वाटायचं, आपण गाडीची फार काळजी घेतोय. रोज संध्याकाळी काठी टेकत येत, चावी फिरवत, इंजिन जरासं घुरघुरलं की समाधानानं बंद करत. "चालू केली म्हंजे बॅटरी चार्ज ऱ्हाती," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. अहो, इथंच तर सगळे फसतात! इंजिन उठवायला मी जे देते ते परत मिळायला गाडी चांगली लांबवर धावावी लागते. जागच्या जागी घुरघुरून माझ्या ताटात चार शितं पडायची. त्यांच्या मायेत खोट नव्हती, पण मी रोज थोडी थोडी उपाशी मरत होते.

भर पावसाळ्यात एका संध्याकाळी आबाजींनी चावी फिरवली आणि माझ्याकडून नुसता 'टक' असा आवाज निघाला. त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा टक. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! आबाजींनी चावी काढली आणि स्टेअरिंगवर हात ठेवला.

"ही बी बसली, माज्यासारखी," ते म्हणाले. "खालापूरचा तो मानूस मागत व्हता गाडी. देऊन टाकतो. अशी डोळ्यांसमोर सडलेली बघवत नाय."

हे ऐकायला त्यांची सून नम्रता दारात उभी होती. तिचा नवरा, म्हणजे आबाजींचा मुलगा नवीन, रसायनीच्या कारखान्यात पाळ्यांवर, त्याला नेणारी-आणणारी कंपनीची बस. गाडीत त्याला रस नव्हता. नम्रतानं मात्र कर्जतला ड्रायव्हिंग क्लास लावून लायसन काढलं होतं.

"आबा, विकू नका. मी चालवते," ती म्हणाली.

आबाजींना हसूच आलं. त्या स्टेअरिंगला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. पोटच्या पोरालाही त्यांनी ते कधी दिलं नव्हतं. "लायसन निराळं, हा घाट निराळा, पोरी. आन् चालवून जानार कुटं?"

"वाडीतल्या बाया भाजी घेऊन कर्जतच्या बाजारात जातात. डोक्यावर भारे घेऊन उतरतात आन् टेंपोवाला थांबत नाय. त्यातल्या ठमीला मी शब्द दिलाय, दसऱ्यापासून मी नेईन म्हणून."

"मला इचारल्याबगर शब्द दिलास?"

नम्रतानं मान खाली घातली, पण मागे सरली नाही. शेवटी आबाजी म्हणाले, "बरं. दसऱ्याला गाडीची पूजा करू. खालापूरच्याला बी बोलावतो. पूजा झाल्यावर एका चावीत उठली, तर तुजी. नायतर तो घेऊन जाईल. मग रडायचं नाय."

म्हणजे नम्रताचा शब्द, तिची कमाई, ठमीच्या डोक्यावरचा भारा, सगळं माझ्यावर आलं. आणि मी तर टक करून बसलेले.

दुसऱ्या दिवशी नम्रतानं पुढची डावी सीट उचलली, मला बाहेर काढलं आणि स्कूटीवर पायाशी ठेवून कर्जतला नेलं. धनेशनं माझ्या खुंटांवर चढलेली पांढरट-हिरवी खपली सोड्याच्या पाण्यानं धुतली, आत डिस्टिल्ड पाणी घातलं आणि मला सावकाश चार्जिंगला लावलं. कुणीतरी इतक्या दिवसांनी पोटभर जेवू घालत होतं!

"वहिनी, गाडी बंद असताना बी कायतरी हिला खातंय," धनेश म्हणाला. "गाडी उभी ठेवायची असंल तर मायनसची वायर काढून ठेवा. आन् आठवड्यातून एकदा लांब फिरवून आणा. अशी तळाला जाऊ देऊ नका. आणखी एकदोनदा गेली तर भंगारात घालावी लागंल."

नम्रतानं तसंच केलं. मला जागेवर बसवलं, पण मायनसची वायर सैल करून बाजूला ठेवली. मी गाढ झोपले. संध्याकाळी भागूबाईंची किंकाळी ऐकून जाग आली.

"दिवा इजला! अवो, दिवा इजला!"

नम्रता धावत आली. वायर कशी काढली, का काढली, ते तिनं समजावून सांगितलं. भागूबाई ऐकण्याच्या पलीकडे होत्या. म्हणाल्या, "तुला गाडी पायजे, घे. पन ह्यांच्या जिवाचा दिवा हाय तो. लाव आदी." नम्रतानं क्षणभर सासूकडे बघितलं आणि वायर मुकाट्यानं जोडली. तिला सासूचा राग आला नाही, हे मला तिच्या हातावरून कळलं. पाना तिनं हळू फिरवला होता.

पण दिवा पुन्हा प्यायला लागला. आबाजींची घुरघुरही पुन्हा सुरू झाली. नम्रता गाडी बाहेर काढू शकत नव्हती, कारण चावी आबाजींकडे. दसरा तोंडावर आला आणि मी पुन्हा तळाला गेले. एका सकाळी भागूबाई शेडमध्ये आल्या तेव्हा लाल दिवा आपोआपच विझलेला होता.

या वेळी त्या ओरडल्या नाहीत. भिंतीला धरून खाली बसल्या. नम्रतानं 'मी सांगितलं होतं' असा एक शब्द काढला नाही. मला उचललं आणि पुन्हा धनेशकडे घेऊन गेली. त्यानं कपाळाला हात लावला. "आता ही शेवटची," म्हणाला आणि मला पुन्हा चार्जिंगला लावलं.

दुपार कलल्यावर आम्ही परत आलो तेव्हा भागूबाई तिथंच होत्या. आबाजी अंगणात बाजेवर बसून दाढी करत होते. भागूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. दिवा सकाळपासून विझलेला होता आणि त्यांचा माणूस आरशात बघून गालाला फेस लावत होता.

"नम्रता," त्या म्हणाल्या, "देवळात रातीला शेजारती करत्यात ना गं?"

"हो आई."

"एवढा मोठा देव, पन त्याला बी झोपवत्यात. पडदा लावत्यात. मग ह्यालाच मी का जागा ठेवलाय इतके दिस? ह्याला बी झोप पायजेलच की." त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "तुजी वायर नको जोडू. मी आरती म्हनते."

आणि दिवसाउजेडी, शेडमध्ये, त्या लहानग्या गणपतीची शेजारती झाली. भागूबाईंनी रुमालाची घडी त्याच्या अंगावर घातली. मग आबाजींकडे जाऊन हात पुढे केला. "चावी द्या. दसऱ्यापत्तुर फिरवायची नाय. देव झोपलाय." आबाजी अर्ध्या फेसानं बघतच राहिले. चावी मात्र त्यांनी दिली.

दसरा आला. व्हॅनला झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. खालापूरचा माणूस वेळेआधीच येऊन बसला होता आणि टायर बोटानं दाबून बघत होता. ठमी आणि वाडीतल्या आणखी दोघी भाजीचे भारे घेऊन कुंपणाशी उभ्या. ठमी हळूच म्हणाली, "बाय, निंगंल ना गं?" नम्रतानं सीट उचलली आणि मायनसची वायर आवळली. तिकडे भागूबाईंनी रुमाल बाजूला केला. "ऊठ रं देवा, दसरा हाय." लाल दिवा लागला.

चावी फिरली. कित्येक दिवसांचं गार, दमट इंजिन, एका जागी थिजलेलं. मी होतं नव्हतं ते सगळं दिलं. ते एकदा कण्हलं, दुसऱ्यांदा कण्हलं. मला वाटलं, संपलं. नम्रतानं चावी सोडली नाही. मीही सोडलं नाही. आणि मग ते खोकलं, थरथरलं आणि उठलं! ठमीनं अशी काही आरोळी ठोकली की कोंबड्या कुंपणाबाहेर पळाल्या.

खालापूरचा माणूस म्हणाला, "मग आबा, काय म्हनता?"

"जेवून जा. पुरनपोळी हाय," आबाजी म्हणाले. "गाडी नाय द्यायची."

बायका मागे बसल्या, भारे आत आले. आबाजी बोनेटला हात लावत गाडीला वळसा घालून आले आणि माझ्या बाजूच्या दाराशी खटपट करत उभे राहिले. इतकी वर्षं स्वतःची गाडी, पण या बाजूनं ते कधी बसलेच नव्हते.

"नम्रता, हे दार कसं उगडतं गं?"

"कडी वर उचला, आबा. जरा जोरात."

ते आत आले, माझ्यावरच्या सीटवर टेकले आणि आम्ही कर्जतला निघालो. वाटेत ते शंभर सूचना देत होते. नम्रता सगळ्यांना "हो आबा" म्हणत होती आणि स्वतःच्या मनाप्रमाणे चालवत होती.

आता आम्ही रोज धावतो. माझे फार दिवस उरले नाहीत, दोनदा तळ गाठलेली बॅटरी किती टिकणार? पण त्याचं मला वाईट वाटत नाही. माझं शिसं वितळवून दुसरी बॅटरी होईल, ती दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसेल. तुमच्याही दारात गाडी उभी असेल तर एवढंच सांगते. नुसती घुरघुरवू नका, लांबवर फिरवून आणा. तेही जमत नसेल तर वायर काढून मला निवांत झोपू द्या. आणि तुम्हाला चालवणं झेपत नसेल तर चावी खुंटीला लावून ठेवू नका. घरात कुणीतरी तिच्यासाठी थांबलेलं असतं.

बरं, येते मी. नम्रता बसलीसुद्धा. आबाजी आलेत, आणि डावीकडचं दार त्यांनी एका झटक्यात उघडलंय.