माझ्या चुलीपाशी वाढलेली कुत्री

जानेवारीच्या कडाक्यात चिखलाने माखलेला एक कोल्हा धापा टाकत माझ्या कोळशाच्या खोलीत शिरला. मी दार नुसतं लोटलं आणि पुढे उभी राहिले.

मागोमाग शिकारी कुत्र्यांची झुंड कुंपण ओलांडून आली आणि तिच्यामागे शिकारीचे कारभारी, घोड्यावरचे मेजर थॉर्नली.

"मिसेस ब्रॅडक, बाजूला व्हा! ह्यानेच कोंबड्या खाल्ल्या म्हणून तुम्हीच बोंबलत होतात ना?"

"कोंबड्या माझ्या, त्याचं काय करायचं ते मी बघेन. तुमच्या घोड्यांनी माझा गहू तुडवला, त्याचं बोला."

"रॅन्टर, घुस आत!" मेजर म्होरक्या कुत्र्यावर ओरडले.

शिकारवाले आपल्या कुत्र्यांची पिल्लं वर्षभर गावातल्या बायकांकडे वाढवायला देतात. ह्या झुंडीतली निम्मी माझ्याकडे वाढली, रॅन्टरसुद्धा. खाली बसल्याशिवाय मी कुणाला ताटली दिली नाही.

"रॅन्टर, बस," मी म्हटलं.

तो बसला. त्याचं बघून बाकीचीही बसली. मेजरांनी शिंग फुंकलं, शिव्या घातल्या. एकही हललं नाही.

"पुन्हा तुम्हाला पिल्लू देणार नाही!"

"नका देऊ. पण आज ही घरी न्यायची असतील, तर आधी घोड्यावरून उतरा आणि मला नीट विचारा."