चिमट्याच्या जोरावर

हिवाळ्याच्या अखेरच्या आठवड्यातील सोमवारी, सकाळची पाळी सुरू होताच, कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरील चाचणी-कक्षात चुंबकीय मेमरीच्या नव्या चिपची अंतिम परीक्षा ठरली होती. परीक्षक होती संशोधकाची थोरली वहिनी. घरी तिच्यापुढे ब्र न काढणारा दीर इथे तरी तोंड उघडतो का, ही साऱ्या मजल्याची करमणूक होती.

संशोधकाचा दावा सरळ होता. या मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात एक चिमुकले चुंबक असते. त्याचे तोंड वर की खाली, यावरून नोंद वाचतात. ते फिरवण्यास आजवर जितकी वीज लागे, तिच्या दशांशात संशोधकाने घडवलेला चुंबकी धातूचा नवा थर काम भागवी. जे सहज फिरते ते सहज विसरतेही, हा या विद्येतला जुना पेच. परंतु त्याचे कप्पे तापल्या भट्टीत दिवसचे दिवस राहूनही काही विसरत नसत. या थरापायी त्याने प्राध्यापकीवर पाणी सोडले होते. चिप कसोटीला उतरली नाही, तर कारखान्यातल्या त्याच्या विभागाला टाळे लागणार होते.

"भावजी, चेहरा कशाला पाडलाय? परीक्षा चिपची आहे, तुमची नाही."

"माझी असती तर कॉपी तरी केली असती, वहिनी."

"बरं, कप्प्यांत लिहिता काय?"

"सगळीकडे वर. एखादा पडला की लगेच दिसतो."

"आज निम्म्यांत खाली लिहा."

त्याने लिहिले. वीज खरोखरच दशांश लागली. तिने मान डोलावली. दुपारी चिप भट्टीतून काढून वाचली, तेव्हा पडद्यावर झाडून सारी तोंडे वर होती.

"नुसते विसरले असते, तर काही इकडे, काही तिकडे वळले असते," ती म्हणाली. "यांना कुणीतरी ओढलंय."

त्याची नजर भट्टीतल्या चिमट्याकडे गेली. भट्टीत चिप हलू नये म्हणून तिला धरणारा चिमटा चुंबकाचा होता. स्क्रूने चिपला तडे जात, म्हणून ही युक्ती त्यानेच काढली होती. जुन्या, हट्टी थरांवर त्या चुंबकाचा काही परिणाम होत नसे. म्हणून नव्या थराच्या वेळी कुणाच्या मनातही शंका आली नाही. त्याचे कप्पे काही लक्षात ठेवत नव्हते. चिमटा त्यांना वर बघायला लावत होता.

तांब्याच्या चिमट्यात धरून चिप पुन्हा तापवली. संध्याकाळपर्यंत नोंदींचा पार विचका झाला.

"थर थोडा जाड केला, तर टिकेल," तो म्हणाला.

"आणि वीज?"

त्याने कागदावर आकडे मांडले. "पूर्वीइतकीच."

वहिनीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग नापास, भावजी. विभाग बंद करावा, असंच मी कळवणार."