बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आधीच सांगते, मला राग आला आहे आणि तो चांगला मुरलेला आहे.

लोहाराने मला ठोकून घडवलं, तेव्हा तो म्हणाला होता की तू दाराला असलीस की आतलं माणूस आधी "कोण?" म्हणून विचारेल आणि मगच दार उघडेल. किती हरखले होते मी! पुढे एका आधारगृहासाठी माझी खरेदी झाली. सुतारकाका मला मुलींच्या खोलीच्या दाराला आतून बसवू लागले, तर तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, बाहेरून बसवा. काकांनी पुन्हा विचारून पाहिलं. बाई ठाम होत्या.

त्या खोलीत कोण राहायचं, ठाऊक आहे? चांगली नोकरी लावून देतो अशी थाप मारून ज्यांना घरापासून दूर नेलं आणि चक्क विकलं, अशा मुली. होय, माणसंच माणसांना विकतात, जुनी बादली विकावी तशी. पोलिसांनी त्यांना सोडवून इथे आणलं होतं. पाहुणे यायचे, चादरी वाटायचे, फोटो काढून घ्यायचे. दिवेलागणीला मला कोयंड्यात अडकवलं की झाली मुलींची काळजी! एखादा पाहुणा मला हलवून बघायचा आणि मजबूत आहे म्हणून कौतुक करायचा. चुलीत घाला ते कौतुक. मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती.

त्यांच्यात एक घुमी होती. फारशी बोलायची नाही म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं हे नाव. आधारगृहात शिवणकाम शिकवायचे, पण तिचं मन सुतारकाकांच्या रंध्यात अडकलं. काका बाईंच्या मागेच लागले आणि तिला आपल्या कारखान्यात घेऊन गेले. ती दारं बनवायला शिकली. संध्याकाळी परतायची तेव्हा केसांत भुसा असायचा आणि चेहऱ्यावर हसू.

एकदा काम लांबलं आणि घुमी अंधार पडल्यावर परतली. बाईंचा जीव टांगणीला लागला होता, कारण तिला विकणारे अजून मोकाट होते. घाबरलेल्या बाईंनी फर्मान काढलं, उद्यापासून कारखाना बंद.

"तुझ्या भल्यासाठीच सांगतेय," त्या म्हणाल्या.

"मला विकलं तिथेही असंच म्हणायचे, बाई," घुमी म्हणाली. "आणि तिथेही कडी बाहेरूनच होती."

बाईंचा चेहरा उतरला. "अगं, पण कोणी आत शिरलं तर?"

"बाहेरची कडी कोणीही काढेल. आतली फक्त आम्ही काढू."

दुसऱ्या दिवशी तिने पेचकस आणला आणि बाईंच्या देखत माझे स्क्रू काढले. मग मला दाराच्या आतल्या बाजूला बसवलं. त्या रात्री मी पहिल्यांदा आतून लागले आणि मुलींना निवांत झोपलेलं पाहिलं. सकाळी बाईंचा हात सवयीने दाराकडे गेला. तिथे नुसती स्क्रूची भोकं होती. मग त्यांनी दार वाजवलं आणि त्या थांबल्या.

"कोण?" आतून घुमीने विचारलं.

त्याच दिवशी ती पुन्हा कारखान्यात गेली.

पण माझा राग निवळला असं समजू नका. घुमीला आता स्वतःची खोली हवी आहे. कमाई आहे, काम चोख आहे, तरी ती कुठून सुटून आली हे कळलं की घरमालक खोली नाकारतात. गुन्हा करणाऱ्यांनी मिशीला पीळ द्यायचा आणि मान खाली घालायची हिने? दुसऱ्यांची दारं बनवणाऱ्या मुलीला स्वतःचं एक दार मिळू नये?

मित्रांनो, मला तेल घाला किंवा घालू नका. पण उद्या घुमी तुमच्या शेजारी राहायला आली, तर कुठून आलीस म्हणून तिला खोदून विचारू नका. भेटावंसं वाटलं तर तिचं दार वाजवा आणि थांबा. उघडायचं की नाही, ते ती ठरवेल.